ऐकणारा शेजारचा नको, लांबचाही नको

मुलुंड पूर्वेच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची खोली संध्याकाळी सहानंतर रिकामी असते. आठवड्यातून एकदा तिथं कुणीतरी बसावं, ज्याला बोलायचं असेल त्याचं ऐकून घ्यावं, असं बैठकीत एकमताने ठरलं. कुणी बसायचं यावरून मात्र मावशी आणि भाचीत जुंपली. मावशी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होती. निवृत्त झाल्यापासून महिला मंडळ आणि संघ ही दोन्ही ओझी ती हौसेने वाहते. भाची अंधेरीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. दोघींची नावं इथं नकोत. त्यांचा वाद बऱ्याच चहांमध्ये विखुरलेला होता, तो मी सलग लावला आहे.

मावशी : ऐकायला डिग्री कशाला लागते गं? रात्रपाळीला पेशंटला झोप येत नाही तेव्हा तो डॉक्टरला बोलवत नाही, सिस्टरला बोलवतो. त्याला गोळी नको असते. पाच मिनिटं कुणीतरी कॉटच्या कडेला टेकलेलं हवं असतं. आमच्या संघात अशा कडेला टेकणाऱ्या बायका हव्या तितक्या आहेत.

भाची : आणि पाच मिनिटांनी तो म्हणाला, मला जगायचंच नाही, तर?

मावशी : तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला उठवायचं.

भाची : बरोबर. वॉर्डात तुझ्यामागे डॉक्टर होता. संघाच्या खोलीत तुझ्यामागे कॅरमबोर्ड आहे.

मावशी : त्या कॅरमबोर्डाला नावं ठेवू नकोस. तुमच्या खुर्चीसमोर जे पुरुष तोंड उघडत नाहीत ते तिथं उघडतात. एक आजोबा आहेत. बायको गेली, मुलगा परदेशात. कसे आहात विचारलं की ‘मजेत’. परवा क्वीन घेतली, आता कव्हर घ्यायचं म्हणून स्ट्रायकर लावला आणि बोर्डावरून नजर न काढता म्हणाले, “रात्री तिच्या बाजूची लाइट बंद करत नाही मी.” बाकीच्यांनी काही उत्तर दिलं नाही. त्यांची पाळी संपली, पावडर टाकली, खेळ पुढे. दुसऱ्या दिवशी दोघं त्यांच्याकडे चहाला गेले. याला तुम्ही काय म्हणता?

भाची : छान म्हणते. मनापासून. पण ते आजोबा त्या खोलीचे सभासद आहेत, मावशी. जो सभासद नाही त्याचं काय, यावर आपण येऊच.

मावशी : आधी माझं होऊ दे. तूच मागे सांगितलं होतंस, बंगळूरच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

भाची : त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

मावशी : नसू दे. आपल्याकडे काय दिवे लागले असते? तुझ्या तासाचे दीड-दोन हजार. माझ्याकडे येणारी बाई चार घरची धुणीभांडी करते. तू तिला ‘दर आठवड्याला ये’ म्हणालीस तर ती पहिल्याच आठवड्याला पळेल. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात ओपीडी आहे, तिथं फुकटासारखं आहे, पण सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं तर तिची सकाळची दोन घरं बुडतात. मग तिला कोण उरतं? मी उरते.

भाची : उरतेस, हे मान्य. प्रश्न एवढाच, की उरलीस म्हणून पुरतेस का?

मावशी : हरारेच्या आज्या पुरल्या ना? पेपरात वाचलंय मी. झिम्बाब्वेत डॉक्टर कमी, म्हणून तिथल्या डॉक्टर चिबांडांनी 2006 मध्ये आज्यांना दवाखान्याच्या आवारात बाकावर बसवलं. लोक येऊन बोलायला लागले आणि बरे व्हायला लागले.

भाची : व्हायला लागले, आणि ते नीट तपासलंही गेलं. 2016 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. 24 दवाखाने, 573 माणसं. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्या गटात नैराश्याची लक्षणं 14 टक्क्यांत उरली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 50 टक्क्यांत. मी काही नाकारत नाहीये. पण त्या आज्यांच्या हातात 14 प्रश्नांची यादी होती. अमुक इतकी उत्तरं ‘हो’ आली की पुढे पाठवायचं, हे ठरलेलं होतं. बाक दवाखान्याच्या आवारात होता, वडाच्या पारावर नव्हता. आणि एवढ्या लांब कशाला जातेस, गोव्याचं बघ ना. संगात संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच केलं. सहा ते आठ भेटी, भेटणारे सगळे मानसोपचाराची पदवी नसलेले. तीन महिन्यांनी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर 39 टक्के.

मावशी : झालं तर! वकीलपत्र माझं घेतलंस.

भाची : थांब. त्या लोकांच्या भेटी रेकॉर्ड व्हायच्या. मग सगळे एकत्र बसून एकमेकांचं रेकॉर्डिंग ऐकायचे आणि गुण द्यायचे. इथं तू घाई केलीस, इथं तू उपदेश केलास, असं तोंडावर सांगायचे. तुझ्या मंडळातल्या बायका एकमेकींकडून हे ऐकून घेतील? हळदीकुंकवाच्या वाणावरून वर्षभर अबोला असतो तिथं.

मावशीला यावर उत्तर सुचलं नाही, आणि तिला उत्तर न सुचणं ही दुर्मीळ घटना आहे. मला मात्र भाचीचा हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. बिनपदवीचा माणूस चांगलं ऐकू शकतो, हे आता अनेक ठिकाणी सिद्ध झालं आहे. पण आपण नीट ऐकलं की नाही, हे दुसऱ्याकडून तपासून घ्यायची तयारी सेवाभावी माणसात क्वचित असते. “मी तर फुकट करते” या वाक्याने ते दार बंद होतं. तसं पाहिलं तर शिकलेल्यांकडेही सगळा आनंदच आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. नुसतं ‘काउन्सेलर’ म्हणून पाटी लावणाऱ्याच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट कसलं आहे हे वाचायला कुणी उठत नाही.

मावशी : बरं, शिकवून घेऊ. पण लोकांना एकत्र बसवलं की निम्मं काम होतं, हे तर मानशील? तुझ्याच अंधेरीत, लोखंडवालाच्या बागेत डॉक्टर मदन कटारियांनी 13 मार्च 1995 ला हास्यक्लब काढला, पाच माणसं घेऊन. विनोद संपले तर विनोदाशिवाय हसायला लागले! आज जगभर हसतात.

भाची : हसू देत की. हास्यक्लबात एकटा म्हातारा सकाळी सात वाजता घराबाहेर पडतो, हेच केवढं मोठं आहे. पण आता माझ्या सभासद नसलेल्या माणसाकडे येऊ. दुसऱ्या मजल्यावरची एखादी मुलगी समज. नवरा हात उचलतो. ती तुझ्या खोलीत येईल? दारात सासऱ्यांच्या चपला असतील. ऐकणाऱ्या काकू सोसायटीच्या कमिटीवर तिच्या नवऱ्याच्या शेजारी बसतात. ती खोलीतून बाहेर पडायच्या आत बातमी लिफ्टने वर पोचलेली असेल.

मावशी : आम्ही शपथ घेऊ, कुणाचं कुणाला सांगायचं नाही.

भाची : मला कायदा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, मी तोडली तर जाब द्यावा लागतो. तुझी शपथ तोडली तर काय होईल? फार तर पुढच्या वाणाला बोलावणार नाहीत.

मावशी : अगं, पण बायका बोलतात हे मी पाहिलंय ना. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. पालिका आणि सेहत संस्था, दोघांनी मिळून. पुढे कुर्ल्याच्या भाभात, मग पालिकेच्या आणखी रुग्णालयांत. तिथं पालिकेच्याच माणसांना शिकवून तयार केलं. त्याआधी आम्ही काय करायचो? बाई म्हणायची “मोरीत पाय घसरला”, आम्ही लिहायचो “मोरीत पाय घसरला”. जखम कानामागे, दोन्ही दंडांवर बोटांचे वळ. मोरीत घसरून दंडावर वळ येतात होय? पण विचारायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवल्यावर कळलं, नवऱ्याला आधी बाहेर औषधं आणायला पाठवायचं, मग विचारायचं.

भाची : हेच! ‘दिलासा’ रुग्णालयात आहे म्हणून चालतं. बाई घरी सांगू शकते, पाय दुखतोय, केसपेपर काढायला चालले. रुग्णालयाला जायला कुणी कारण विचारत नाही. तुझ्या खोलीत यायला ती काय कारण सांगणार, कॅरम?

मावशी : म्हणजे तुला जवळचं नको.

भाची : ज्याला समाजानेच छळलंय त्याला समाजाची खोली औषध म्हणून देऊ नको, एवढंच म्हणते. घाटकोपरमधल्या एकत्र कुटुंबातला मुलगा. त्याला मुलगे आवडतात. घरात त्याच्यासाठी स्थळं बघताहेत. त्याने तुझ्या संघात यायचं आणि त्याच्या आजीच्या मैत्रिणीला हे सांगायचं? 2018 च्या 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने कलम 377 मधून त्याची सुटका केली. मंडळातून अजून झालेली नाही.

मावशी : मग तो कुठे जातो? तुझ्याकडे?

भाची : काही येतात. पण त्याहून जास्त वाकोल्याला जातात, हमसफर ट्रस्टमध्ये. अशोक राव कवी यांनी 1994 मध्ये काढलेली संस्था. सांताक्रूझ पूर्वेला, पालिकेच्याच जुन्या इमारतीत जागा मिळाली. तिथं समुपदेशन आहे, तपासण्या आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथं गेल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्यासारखे आणखी आहेत.

मावशी : अगं, मग तेही मंडळच की! माणसं, खोली, चहा. फक्त घाटकोपरचं नाही, एवढंच. मी म्हणते तेच झालं.

भाची : तू म्हणतेस तेच, पण त्याने निवडलेलं. जन्माने मिळालेलं नव्हे.

या जागी वादाची गाडी रूळ बदलते. तोवर मावशी ‘जवळची माणसं’ आणि भाची ‘शिकलेली माणसं’ अशा दोन टोकांना होत्या. वाकोल्याचं उदाहरण दोघींच्याही ताब्यात राहीना. तिथं काम करणारी बरीच माणसं त्याच वाटेने आलेली आहेत, म्हणजे ती जवळची. आणि ती शिकवून तयार केलेलीही आहेत. मग मावशीने आपल्या घरातलंच उदाहरण काढलं. सहसा ती ते काढत नाही.

मावशी : तुझा मोठा मामा एएच्या मीटिंगला जायचा, ठाऊक आहे ना? अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. इथं जवळच मीटिंग होती, तिथं एकदाही गेला नाही. ट्रेन बदलून पार पश्चिमेच्या लाइनला, एका चर्चच्या हॉलमध्ये जायचा. मी एकदा ओपन मीटिंगला सोबत गेले होते. नाव फक्त पहिलं सांगायचं. एक जण बोलतो, बाकीचे मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत. “माझी स्लिप झाली” म्हणाला तरी कुणी ‘अरेरे’ करत नाही. एक कारखान्यातला फोरमन, एक रिक्षावाला आणि एक चांगला मोठा वकील, तिघं एका बाकावर. ना डॉक्टर, ना फी. दारूसाठी बाकी कुणाचंही न ऐकलेला तुझा मामा तिथं जाऊन सोबर राहिला.

भाची : आणि जवळच्या मीटिंगला का गेला नाही?

मावशी : ओळखीचं कुणी भेटेल म्हणून.

भाची : मी अजून काय वेगळं सांगतेय?

मावशी : तू सांगतेस त्याला शिकलेलं माणूस हवं. तिथं कुठे होतं? तिथं फक्त अनोळखी माणूस होतं.

अनोळखी माणसाचं हे मोल मुलुंडकरांना वेगळं समजावायला नको. पुढचंच स्टेशन ठाणे. तिथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, आणि “याला ठाण्याला न्यायला हवं” ही उपनगरातली जुनी टवाळी. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था उभी केली आणि लोक आपल्या पायांनी, वेळ घेऊन ठाण्याला जायला लागले. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणत घरच्यांचे गट बसायला लागले. त्या गटात आलेली आई पहिल्यांदा मोठ्याने म्हणू शकते की मला कधीकधी त्याचा राग येतो. स्वतःच्या जिन्यात ती हे म्हणणार नाही. संस्था उत्तम आहे म्हणून लोक जातात, हे खरंच. पण जकात नाक्यापलीकडे आपल्याला कुणी ओळखत नाही, याचाही त्यात वाटा असावा, असा माझा अंदाज आहे.

भाची : पण मावशी, माणसं असून भागत नाही असंही होतं. शाहीर विलास घोगरे इथलेच, मुलुंडच्या वस्तीतले. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांचा गोळीबार झाला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्याभोवती माणसांची वाण होती का? सबंध चळवळ होती. शाहिराइतका माणसांत राहणारा दुसरा कोण?

मावशी : आणि तुझ्या क्लिनिकमध्ये आले असते तर तू काय लिहिलं असतंस? डिप्रेशन? दहा माणसं मेली होती गं. त्यांचं दुःख आजार होता का?

भाची : दुःख आजार नव्हता. पण दुःख खरं आहे म्हणून धोका कमी होत नाही. लोकांनी त्याला निषेध म्हटलं. निषेध असेलही. पण तो माणूस जगायला हवा होता, आणि त्या चार दिवसांत “तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का” असं सरळ विचारणारं कुणीतरी हवं होतं. विचारलं म्हणून विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. हे सरळ विचारणं शिकवावं लागतं. प्रेमाची माणसं ते विचारत नाहीत, कारण त्यांना उत्तराची भीती असते.

मावशी : आणि गोळीबाराचं काय? रमाबाई नगरात दर 11 जुलैला लोक जमतात, अभिवादन करतात. तिथं जाऊन तू एकेकाला आत बोलावून विचारणार, झोप लागते का? त्यांना न्याय हवा असतो. तुमच्या फॉर्मवर त्याचा रकाना नाही.

भाची : नाही. आणि तो नाही म्हणून आमची वस्त्यांमध्ये किंमत कमी आहे, हेही खरं. त्यांचं एकत्र जमणं हा उपचार नाही म्हणणारी मी कोण? मी एवढंच म्हणते की त्या गर्दीत जो गप्प उभा आहे, त्याच्याकडे बघायला कुणाला तरी शिकवा.

यापुढचा थोडा वेळ दोघी हेल्पलाइनवरून भांडल्या. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली केंद्र सरकारची टेलिमानस, क्रमांक 14416, फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. भाचीच्या मते अनोळखी, शिकलेला आणि बिनपैशाचा असा ऐकणारा एकाच जागी दुसरीकडे मिळत नाही. मावशीचा आक्षेप अगदी जमिनीवरचा होता. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. फोन लागला तरी बोलायचं कुठे? तिच्या ओळखीची एक मुलगी मुलुंड स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला, फर्स्ट क्लासचा डबा येतो त्याच्याही पुढे जाऊन फोन करते. फास्ट गाडी धडधडत गेली की “एक मिनिट हं” म्हणते. तेव्हा आमची खोली फोन करायला तरी द्या, असं मावशी म्हणाली. कुणी आत बसायचं नाही, कडी आतून लावायची, चार्जर ठेवायचा. मला हे भलतंच आवडलं. संघाच्या ठरावात ते आलं, आणि त्यावर दोघींपैकी कुणीच वाद घातला नाही.

मावशी : आणि बसणाऱ्यांचं मी ठरवलंय. आमच्या बायका इथं नाही बसणार. त्या घाटकोपरला बसतील आणि घाटकोपरच्या इथं येतील. बोरिवलीचा संघही तयार आहे, त्यांनी अंधेरीवाल्यांशी अदलाबदल करावी. बोलणारीला घराजवळ पडेल, आणि ऐकणारी तिच्या जिन्यातली नसेल. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता झाला की मग पूर्व-पश्चिमही करू.

भाची : तो होईपर्यंत तुझ्या बायका नव्वदीच्या होतील. पण हे चालेल. माझ्या अटी ऐक. आधी शिकवणी. सल्ला द्यायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही, “सगळं ठीक होईल” म्हणायचं नाही. जीव द्यायचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, फोन कुणाला करायचा ते भिंतीवर लिहिलेलं असेल. आणि पंधरा दिवसांतून एकदा सगळ्यांनी माझ्यासमोर बसायचं, काय ऐकलं आणि काय बोललो ते सांगायचं. नाव न घेता.

मावशी : गुण देणार?

भाची : देणार.

मावशी : मलाही?

भाची : तुला आधी.

मावशी : दे. मात्र वही ठेवायची नाही. कोण आलं, कधी आलं, काहीही लिहायचं नाही. लिहिलेला कागद कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. रुग्णालयात आयुष्य गेलंय माझं, नवरे वॉर्डबॉयला पैसे देऊन केसपेपर बघायचे.

भाची : वही नाही तर मागच्या वेळी आलेली बाई या वेळी का आली नाही, हे तुला कळणार कसं? नुसत्या आठवणीवर? गोव्यात रेकॉर्डिंग होतं म्हणून ते काम शिकता आलं. निदान आकडा हवा. नाव नको, एक नंबर दे.

मावशी : नंबर विचारला की बाई उठून जाते.

भाची : मग चुकली तर शोधणार कशी?

मावशी : नाही शोधणार. ती यायची तेव्हा येईल.

भाची : आणि नाही आली तर?

खोली पुढच्या महिन्यापासून उघडते आहे, फोनसाठी आणि बसण्यासाठीही. घाटकोपरच्या बायकांच्या तिकिटाचा खर्च संघ देणार आहे. वहीवर एकमत झालेलं नाही. भाचीने कोऱ्या पानांची एक वही आणून कपाटात ठेवली आहे आणि मावशीने कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवली आहे.